माया

गुरुवारी माश्यांचा स्वयंपाक असतो.
पाषाणला, तळ्याच्या अलीकडे,
प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर वीस लिटरचं पातेलं.
मक्याचं पीठ, साखर, यीस्ट,
आणि अगर, म्हणजे वडीसारखं घट्ट बसतं.
जरा सैल झालं की वरून पोरांचा फोन,
काळोखे मावशी, या वेळचं पातळ झालंय,
अळ्या बुडतायत.
लग्नाच्या पंगतीनं एवढी नावं ठेवली नाहीत मला कधी.

अकरा वर्षं शिजवलं. कोण जेवतं ते नीट पाहिलं नव्हतं.
बाटलीत खाली वळवळ, वर भुणभुण,
मधे काचेला चिकटलेले तपकिरी दाणे, जिऱ्यासारखे.

परवा तनवीरनं वर बोलावलं.
लातूरचा पोरगा, रात्रभर जागतो, डबा विसरतो.
म्हणाला, तुमच्या मक्याचं काय होतं ते बघा तरी.

दोन चिमटे. एकात अळीचं तोंड धरलं
आणि मोजा उलटा करावा
तशी तिला उलटी केली.
मी डोळे मिटले. मग उघडले.
मिठाच्या पाण्याच्या थेंबात
काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी.
त्यातला एक कण त्यानं बाजूला सारला.
पेरूच्या बीहून कितीतरी बारीक,
आणि घडीवर घडी.

हा पंख, तो म्हणाला.

पंख? अळीला?

अंड्यात असतानाच बाजूला काढून ठेवलेला असतो, म्हणे.
चाळीस-पन्नास पेशी, एवढीशी चकती.
अळी खाते, सरपटते, कात टाकते,
ही आत गप्प वाढत राहते,
अळीच्या काही कामाची नाही.
पायांच्या सहा वेगळ्या, डोळ्यांच्या वेगळ्या.
कोषात गेल्यावर अळीचं बरंचसं विरघळतं
आणि मग घड्या उलगडतात.
पाय तर बाहेर सरकतो
प्रवासातल्या घडीच्या पेल्यासारखा, कड्यातून कडं.

मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे.
त्याला हसू आलं.

तेजलचा युनिफॉर्म मी घरीच शिवते.
सहावीत शिवला तेव्हा चार बोटं माया ठेवली,
शिवणीच्या आत दाबून, बाहेरून दिसू नये अशी.
जूनमध्ये उसवायचं, बोटभर सोडायचं,
जुन्या दुमडीची रेघ तेवढी राहते,
ती इस्त्रीनंही जात नाही.

तीन जून गेले. उसवलं नाही.
तेजल चौदाची, नववीत, पहिल्या बाकावर.
दहाव्या वर्षी पडली ती दीड वर्ष,
औंधच्या दवाखान्याच्या चकरा, कंडक्टर ओळखायला लागला.
आता बरी आहे, फायलीत तसं लिहिलंय.
डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबा.
किती, ते म्हणत नाहीत.

मी विचारलं, आणि चकतीला इजा झाली तर?

तनवीर खुर्चीसकट वळला.
हाच त्याचा विषय, चार वर्षं याच्याच मागे आहे.
म्हणाला, चकती निरोप धाडते,
अजून नको, माझं व्हायचंय.
आणि अळी कोष करायचं लांबवते.
बरोबरीच्या काचेवर चढून बसल्या तरी
ही खालीच, खात,
एक दिवस, दोन दिवस,
पंख सांधून होईपर्यंत.

मग?

मग होते की माशी. पंख पुरे असतात, बहुतेकदा.
बहुतेकदा, त्यानं पुन्हा म्हटलं.
पोरगा खोटं बोलत नाही, हाच त्याचा दोष.

मी पुढं काही बोलले नाही.
माश्यांचं माश्यांपाशी.
खाली येऊन पातेलं घासलं,
तळाला लागलेलं खरवडून काढलं.

रात्री सुतारवाडीच्या खोलीत ती झोपल्यावर
खुंटीवरचा युनिफॉर्म घेतला.
उसवला नाही.
नुसती शिवणीवरून बोटं फिरवली.
चारही बोटं कापड
जागच्या जागी होतं.

या गुरुवारी यीस्ट मूठभर जास्त पडलं.
वरून फोन आला नाही.