नऊ मुठी

हात ताठ पुढे धरायचा, मूठ मिटायची.
क्षितिजावर ठेवलेली एक मूठ म्हणजे दहा अंश.
हे मला उल्हास गावसने शिकवलं,
वीज खात्याच्या जीपमध्ये, वाळपईच्या उतारावर.
तेव्हा लायसन्स दोघांकडेही नव्हतं
आणि त्याच्या मुठीत पेटलेली विडी होती.

गेल्या दिवाळीत रुझार पाडेलीने
माझी तार माडांच्या शेंड्यांना नेऊन बांधली.
साठ फूट. खाली आगरवाड्याचं मिठागर,
ओली, खारट, आरशासारखी जमीन.
तारेतून निघालेलं अर्धं खाली जातं,
मिठावर आपटून वर येतं
आणि आधी निघालेल्या अर्ध्याला गाठतं.
काही कोनांत दोघांचं जमतं,
काही कोनांत दोघं एकमेकांना पुसून टाकतात.
साठ फुटांवरून जमतं ते तीन मुठींच्या आसपास:
मोरजीच्या माडांवरून तिरकं, सडपातळ निघून
थेट समुद्रापार.
बरोबर डोक्यावर मात्र काहीच नाही.

रात्री चाळीस मीटरवर अझोर बेटांचा जुझे यायचा.
बों नोइत, म्हणायचा. मी पण म्हणायचो.
माझी पोर्तुगीज बारा शब्दांची,
जमिनीच्या जुन्या कागदांवरून उचललेली.
तो गायींबद्दल सांगायचा, मी मिठाबद्दल.
फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन,
नऊ हजार किलोमीटर, आणि शेजारच्या खोलीतल्यासारखा खोकला.
मग अंगणात येऊन मी माडाकडे बघायचो,
पोरगा पहिला आल्यासारखा.

जानेवारीत उल्हासच्या मुलीचा फोन आला.
बाबांची वाचा गेली. ऑगस्टमध्येच.
उजवी बाजू पण. डावा हात चालतो.
रोज अकराला चावी घेऊन बसतात,
तुमचं नाव वाजवतात.
काका, तुम्ही ऐकत नाही का?

ऐकतो की. रोज ऐकतो.
पण तार ज्या कोनात बोलते त्याच कोनात ऐकते,
आणि वाळपई इथून पन्नास किलोमीटरसुद्धा नाही.
जमिनीलगतची लाट मधल्या डोंगरांत विरते.
उल्हासकडे जायचं तर सरळ वर जायचं,
सरळ खाली यायचं.
नऊ मुठी.
त्याची तार पहिल्यापासून तशीच,
कुळागरात, सुपारीच्या कमरेला.
मी हसायचो तिला.

रुझार म्हणाला, बांदपाक शंबर, सोडपाक दोनशें.
दिले.
एक टोक मानशीच्या खांबाला, दुसरं बांबूला,
मिठाच्या वाफ्यांवर जेमतेम आठ फूट.
कुमुद बादली घेऊन आली, विचारलं,
हिच्यावर कपडे वाळत घातले तर चालतील?

अकरा वाजले. गोंगाट, मद्रासचा कोणीतरी,
पुण्याचे दोघं हवामानावर बोलत होते,
इतके दिवस हे सगळे कुठे होते कोण जाणे.
मग त्यांच्या खाली, अगदी जवळ,
डाव्या हाताची चावी.
ठिपका अडखळतो, रेघ लांबते,
पहिली इयत्ता पाटीवर लिहिते तसं.
पण शेवटची रेघ जरा ओढायची खोड तीच,
उजव्या हातातून डाव्यात गेलेली.

माझं नाव. परत माझं नाव.
मी उत्तर दिलं, माझाही हात धड नव्हता.
बराच वेळ काही नाही.
मग एकेक अक्षर:
कुठे होतास

मी वाजवलं, माडावर.

मुलगी म्हणाली होती, आता त्यांना हसता येत नाही,
अर्धं तोंड हलत नाही.
चार ठिपके आले, थोडं थांबून दोन.
आमच्यात हसणं असंच वाजवतात.