ओ

पहिल्या दिवशी बोग्लार्काबाईंनी सगळ्यांचे ओठ तपासले.
ओ म्हणताना करता तसे गोल करा, म्हणाल्या,
आणि आतून ए म्हणा.
निलुफरला जमलं. खान्हलाही जमलं.
माझ्या तोंडून जे निघालं
त्याला कुठल्याच लिपीत घर नव्हतं.
बाईंनी पर्समधला आरसा काढून माझ्यापुढे धरला.
एकविसाव्या वर्षी
मी आरशात बघून एक स्वर शिकत होतो.

हजेरीत मी ओयाश.
यांच्याकडे ज-चा य होतो, स-चा श,
आणि आडनाव पुढे येऊन बसतं
लग्नातल्या थोरल्या जावयासारखं.
ओजसमधला ओ तेवढा शाबूत राहिला.
त्याच्यावर निभावतो.

परदेशी लोकांच्या कचेरीत तीन खेपा झाल्या.
खिडकीतला माणूस दर वेळी म्हणाला, नेम.
नेम म्हणजे नाही.
मी मनात म्हटलं, बरोबर आहे,
आमच्याकडेही कशाचा काही नेम नसतो.
चौथ्या खेपेला शिक्का बसला.
जन्मगाव सांगोला, त्यानं शांगोला वाचलं
आणि विचारलं, समुद्र आहे का तिथे?
मी म्हटलं, नेम.
माझं पहिलं अचूक वाक्य.

प्रत्यय मात्र सोयऱ्यासारखे भेटले.
घरात, घरावर, घरापासून
सगळं शब्दाच्या पाठीला चिकटलेलं, आपल्यासारखंच.
खान्ह रडकुंडीला यायचा, मी शेखी मिरवायचो.
मग एका रात्री त्यानं सहज विचारलं,
तुमच्यात 'घरात' आणि 'घरी' वेगळं कसं?
ट्रामचा शेवटचा थांबा आला
तरी मी अजून सांगतच होतो.

या भाषेत तो नाही, ती नाही.
माणूस कुणीही असो, एकच ओ,
तोच, आरशातला.
मी भाकरीला ती म्हणणारा, भाताला तो,
मीठसुद्धा आमच्याकडे ते असतं.
इथे अख्खं गाव
बाई की बुवा न सांगता निघून जातं.

एतेल्का नेनींकडे खोली घेतली ती यामुळेच अवघड गेली.
नेनी म्हणजे काकू. वय सत्तरच्या पुढे,
स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ,
आणि संध्याकाळी फोनवर बहिणीशी तासभर.
भिंतीपलीकडून मला एवढंच कळायचं:
ओ उशिरा येतो-येते.
ओ-ला थंडी सोसत नाही.
ओ-ला खसखशीच्या शेवया आवडतात.
मी ठरवून टाकलं, मुलगी असणार.
पेचमध्ये नोकरी करत असेल, भांडून गेली असेल.
कपाटात बर्फावरचे स्केट्सही होते, छोट्या मापाचे.
नोव्हेंबरभर मी त्या मुलीची काळजी केली.
रविवारी टेबलावर जास्तीचं ताट दिसलं
की वाटायचं, आज येईल.

फेब्रुवारीत तिसा नदीवर धुकं बसलेलं,
मी ताप घेऊन पडून होतो, आणि कान
आपोआप उघडल्यासारखे झाले.
ओ मांस खात नाही, नेनी सांगत होत्या.
ओ क्रियापदं चुकवतो, पण लाजत नाही आता.
बुधवारी ओ-चा वर्ग उशिरा सुटतो.
काल ओ-ला ताप होता, मी सूप केलं,
ओ म्हणाला, मीठ कमी आहे,
आणि वाक्य बरोबर होतं, मार्गित, अगदी बरोबर!

मी पांघरुणात उठून बसलो.
चार महिने भिंतीपलीकडे
मीच राहत होतो.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली, ओयाश!
मी ओ दिली.
आईच्या हाकेला देतात तशी, विचार न करता,
ओठ कसे झाले होते ते पाहायला
जवळ आरसा नव्हता.

शेवया गोड होत्या, खसखस दातांत अडकली.
स्केट्स कुणाचे, ते अजून विचारलेलं नाही.
तेवढा भूतकाळ
आमचा शिकून व्हायचाय.