सोळा नंबर

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर हॉटेल ब्रिनमोर.
खोल्या सोळा. टीव्ही पंधरा.

हे गणित टेगवेन रॉलिन्सनं
नवरा गेला त्या वर्षी
लायसन्सच्या पाकिटामागं पेन्सिलीनं मांडलं:
पंधरा खोल्यांपर्यंत एकच फी.
सोळावी आली की दुसरी, अख्खी,
मग त्या फीत आणखी चार खोल्या मावतात म्हणे,
पण चार खोल्या आणायच्या कुठून?
तिनं सोळा नंबरचा टीव्ही काढला,
आधी फडक्यानं पुसला, का कोण जाणे,
आणि जिन्याखाली
इस्त्रीच्या फळीशेजारी ठेवून दिला.

सोळा नंबरमधून समुद्र दिसतो,
असं ती फोनवर सांगते.
खोटं नाही.
खिडकीशी मान तिरपी केली
तर गटाराच्या पाइपाच्या डावीकडे
चार बोटं समुद्र.

हेडन प्रॉबर्ट ऑगस्ट सरता सरता आले.
एक सुटकेस, एक छत्री,
गोळ्यांचा डबा, कप्प्याकप्प्यावर वारांची नावं.
आठवडाभर राहीन, म्हणाले.
आयुष्य पुलावरच्या टोलनाक्यात काढलेलं,
सुटे पैसे अजून न बघता मोजायचे.
नऊ नंबरमध्ये रात्री मेंढ्यांच्या कुत्र्यांची स्पर्धा बघायचे,
आवाज बंद करून.
आठवडा संपला, तेव्हा म्हणाले, अजून एक.
मग अजून एक.
तिनं विचारलं नाही.
मागं घर उरलेलं नाही
हे सुटकेसच्या वजनावरून कळतं,
जिने चढवणाऱ्याला तरी.

पण कागदावर खाली, बारीक अक्षरात, होतं:
सलग अठ्ठावीस दिवसांहून जास्त राहील
त्यानं आपलं लायसन्स आपण काढावं.

अतिथी म्हणजे ज्याला तिथी नाही,
आपण शाळेत घोकलं होतं.
ह्या अतिथीला तिथी होती.
टेगवेननं कॅलेंडरवर फुली मारली,
फार हलकी,
खोडली तर कागदाला कळू नये अशी.

सत्ताविसाव्या दिवशी अंडी फेटता फेटता
तिनं तालीम केली:
मिस्टर प्रॉबर्ट, उद्यानंतर तुम्ही पाहुणे नाही.
वाक्य कुठूनही धरा, हात भाजतोच.
पाहुणे नाही, तर मग कोण?
ह्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.
अंडी जास्तच फेटली गेली.

शेवटी तिनं नुसता नियम सांगितला.
त्यांनी टोस्टवरचं लोणी कडेपर्यंत नेलं.
नियम बरोबर आहे, म्हणाले,
मी कुणालाच फुकट सोडलं नाही.
मग थोड्या वेळानं,
एक शववाहिका सोडली होती.
मागं एकच गाडी, तीसुद्धा उसनी दिसत होती.
पैसे माझ्या खिशातून भरले.
हिशोब जुळायला हवा ना.

दुसऱ्या सकाळी नऊ नंबरचा पलंग आवरलेला,
किल्ली उशीवर.
सुटकेस, छत्री, डबा
आपले आपण वर, सोळा नंबरमध्ये.
टीव्ही नाही, म्हणजे लायसन्स नाही,
म्हणजे कितवा दिवस
हे कुणी मोजणार नाही.

संध्याकाळी ती चहा घेऊन गेली.
(सोळा नंबरला चहा वर नेत नाहीत.
भाडं कमी आहे ते त्याचसाठी.)
ते खिडकीशी, मान तिरपी.

काय लागलंय? तिनं विचारलं.

जहाज आहे. मघापासून हललेलं नाही.

आवाज?

बंद केलाय.

ती पलंगाच्या कडेला टेकली.
तिच्या जागेवरून पाइपच दिसत होता,
आणि त्याच्यावर एक सीगल, पाठमोरा.
मग तिनंही मान कलती केली, आणखी थोडी.
तेवढ्यात जहाज निघालं
आणि पाइपाआड गेलं.

थांबा, ते म्हणाले,
येईल.