अर्धा अंश

रेव्हरंड डॅलगार्नो गेले तेव्हा पारा साडेएकोणीसवर होता.
मी आधी तो लिहिला,
मग त्यांचे डोळे मिटले,
मग चुलीवरची किटली उतरवली.
क्रम चुकला असेल. पण नऊ वाजले होते,
आणि नवाचं माप नवालाच घ्यायचं
हे अठरा वर्षांत त्यांनी मला
बायबलपेक्षा जास्त वेळा सांगितलं होतं.

त्याच दुपारी डरहॅमहून फेनविकसाहेबांचं पत्र आलं.
कागद वाचवायला आधी आडवं लिहिलेलं,
मग त्याच ओळींवरून उभं,
शब्दांची टोपली विणावी तसं.
*चंद्राला परवा खळं पडलं होतं. मोजलं, बावीस अंश.
तुमच्याकडे दिसलं का?
वर बर्फाच्या सुया तरंगत असाव्यात असा माझा तर्क.
तुमच्या तळ्यावरचा बर्फ किती इंच?
आतले बुडबुडे उभे की गोल?*

बाबांच्या बहिणीला इन्व्हर्नेसला कळवलं,
सुताराला कळवलं, घंटा वाजवणाऱ्या इवेनला कळवलं.
डरहॅमला कळवायचं राहिलं.
राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.

कुऱ्हाड घेऊन तळ्यावर गेले.
सात इंच, वर जवाचा एक दाणा.
बुडबुडे उभे,
तळातून निघालेले आणि वाटेतच थांबलेले.
खळं तर मी पाहिलंच होतं,
त्यांच्या उशाशी जागताना, पडदा सारून.
यंत्र कुठलं? हात ताणून
बोटं फाकवली: एक वीत, वर नखभर.
तसंच लिहिलं. त्यांच्यासारखाच लंगडा सात काढला,
त्यांच्याच शाईनं,
आणि पाच आठवडे दर सोमवारी
मेलेल्या माणसाची सही टपालात टाकली.

मार्चमध्ये उत्तर आलं. एकच पान, फक्त आडवं.
*महाशय, अथवा बाई,
रेव्हरंडांनी नऊ वर्षांत
एकदाही अर्धा अंश पाठवला नव्हता.
सतरा जानेवारीपासून अर्धे येऊ लागले
तेव्हा माझा मित्र गेला हे समजलो.
त्या रात्री दुर्बीण झाकूनच ठेवली.
त्यांचे आकडे माझ्या रेषेवर कधी बसले नाहीत;
तसं त्यांना लिहिलं नाही.
माझ्यासाठी रोज थंडीत बाहेर जातात, वाटायचं,
बोटं बधिर होत असतील.*

बोटं माझी बधिर व्हायची, फेनविकसाहेब.
उंबऱ्यावर उभी राहून मी सांगायची, साडेएकोणतीस;
शेगडीजवळून ते लिहायचे, तीस.
"ये आत, ग्रिझल, दार लाव."
अर्धा अंश बाहेरच राहायचा.
कधी राग आला नाही असं नाही.
पण चहा ते माझ्या कपात आधी ओतायचे,
हेही तुमच्या वहीत कुठंतरी असू द्या.

नवे पाद्री आलेत. उत्तरेच्या भिंतीवरची खुंटी
त्यांना कंदिलासाठी हवी आहे.
दिली. खुराड्यामागेही उत्तरच आहे,
कोंबड्या तेवढ्या कुरकुरतात.
आज नऊ वाजता तिथं: साडेएकेचाळीस.
तळ्यावर कडेला हात बुडेल एवढं पाणी.
खळं नाही. ढग.

आपली,
ग्रिझल मॅन्सन