नळी क्रमांक एकशे चौदा

नळीवर नाव नाही, फक्त आकडा.
पण फॉर्म मीच भरून घेतला होता, डिलानोत, बागेच्या कडेला:
एलिओदोरा, वय एक्केचाळीस,
पिस्त्याची झाडं हलवणारं यंत्र चालवते.
धूळ? विचारलं तर हसली.
इथे धूळ काय विचारायची गोष्ट आहे.

तीन महिने खोकला. न्यूमोनिया म्हणाले,
मग क्षय, मग फुप्फुसात दिसला डाग
आणि कॅन्सर हा शब्द
तिच्या मुलाकरवी तिला सांगितला कुणीतरी.
मुलगा अकरा वर्षांचा.
मिश्तेकोत त्याला शब्दच सापडेना.

बुरशी रक्तात सहसा भेटत नाही.
आत बसते, गोळा होऊन, गप्प.
म्हणून आम्ही तिला शोधतच नाही;
शोधतो तिची चाहूल लागून
शरीरात उडालेली धांदल.
कुठलं प्रथिन धावत आलं,
कुठलं दडून बसलं.
मागच्या महिन्यात सात खुणा होत्या हाताशी.
टिकल्या तीन.

रात्री साडेअकराला एकशे चौदाची रेघ उमटते.
तिन्ही उंच.
हे निदान नव्हे, असं खाली लिहावं लागतं.
लिहिते.

बाहेर गाडीच्या काचेवर धुळीचा थर.
फडकं फिरवण्याआधी
मी श्वास रोखून धरते.