तीन खळगे

प्लेटमध्ये शहाण्णव खळगे,
करंगळीच्या नखाहून लहान.
त्यातले तीन माझे.

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या लॅबमध्ये नावं येत नाहीत, आकडे येतात;
पण स्वतःचा आकडा पाठ होतो,
शाळेतल्या हजेरीसारखा.
मेहजबीनला माहीत आहे. ती बोलत नाही.
पिपेट मात्र आज माझ्या हातातून काढून घेतली तिने.

गेलं दीड वर्ष
मी पुणं ओळखते ते संडासांवरून.
दापोडीच्या पुलाअलीकडचं, कडी नसलेलं.
शिवाजीनगरचं, जिथे सुटे पैसे नसले तर आत सोडत नाहीत.
डेक्कनला साडीच्या दुकानातल्या एक बाई
काही न विचारता मागचं दार दाखवतात.
दर खेपेला मी त्यांच्याकडून एक रुमाल घेते.
सतरा झाले.

डॉक्टर उपळेकरांनी कागदावर आतडं काढलं,
बागेच्या नळीसारखं,
आणि भोवती ठिपके. हे टीएनएफ. हे इंटरल्युकिन तेवीस.
निरोपे आहेत, म्हणाले.
एक पेशी हाक मारते, दुसरी धावून येते,
धावून आलेली आणखी चौघींना हाक मारते.
म्हणजे अफवा, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
अफवा नाही. बातमी खरीच होती कधीतरी.
संपली, हे कुणी कळवलं नाही.

टीएनएफ म्हणजे गाठ मारणारा.
कधीकाळी उंदराच्या अंगातली गाठ मारली त्याने,
तेच नाव चिकटलं;
जसं आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये
एकदाच विहिरीतून बकरी काढलेल्या माणसाला
जन्मभर बकरीवाले म्हणत.

त्याला गप्प करणारं औषध आहे.
दर आठ आठवड्यांनी, दोन तास, सलाइनमधून.
पीएफमधून किती निघतील ते मी मांडून ठेवलंय.
फक्त त्याआधी
ही एक तपासणी: माझ्या पांढऱ्या पेशींना
क्षयाच्या जंतूचा एक तुकडा दाखवायचा
आणि त्या काही बोलतात का, ते ऐकायचं.

आधी निळं.
मग मेहजबीन आम्ल टाकते, निळ्याचं पिवळं होतं.
पहिला खळगा कोरा. कोराच हवा.
तिसरा पिवळा. व्हायलाच हवा.
आणि मधला
हळदीत बुडवलेल्या बोटासारखा.

म्हणजे आहे तो. छातीत कुठेतरी, झोपलेला.
कुणाकडून आला असेल, तेही माझ्या मनाने ठरवून टाकलं.
शेजारचे भिंगारदिवे काका
ओट्यावर बसून एकोणतीसचा पाढा घ्यायचे.
एकोणतीस सक, म्हणाले की खोकला यायचा,
इतका, की एकशे चौऱ्याहत्तर मलाच म्हणावं लागे.
मला वाटायचं, मुद्दाम थांबतात,
मला येतं का बघायला.

तेहतीस वर्षं
पेशींनी पेशींना खेटून कडं धरलंय त्याच्याभोवती,
आणि कुणाचा हात सुटू नये म्हणून
हाकारत राहिला
तोच. टीएनएफ.
खाली आतड्यात मिटलेल्या भांडणाची दवंडी पिटणारा
वर छातीत जागता पहारा देतोय,
आवाज तोच, शब्दही तोच असेल.
आणि रात्री तीनला न्हाणीच्या फरशीवर बसून
मी याला काय काय बोलले आहे!

आता आधी क्षयाच्या गोळ्या, महिनाभर तरी.
मग सलाइन.
आधी कैद्याचा बंदोबस्त, मग पहारेकऱ्याला गप्प करायचं.
बरोबरच आहे. दुसऱ्या कुणाचा आकडा असता
तर मीही हेच म्हटलं असतं,
आणि प्लेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून
हात धुतले असते.

रिपोर्ट लिहू? मेहजबीन विचारते.
लिही.
डब्यात मऊ भात आहे, जिरं घातलेला.
ती तिची बिर्याणी उघडत नाही माझ्यासमोर,
मी म्हणते, उघड गं, वास तरी येऊ दे.

संध्याकाळी डेक्कनला उतरावंच लागलं.
अठरावा रुमाल. आकाशी.
बाई म्हणाल्या, एवढ्या रुमालांचं करता काय?
एकोणतीस सक, मी म्हटलं,
आणि त्या आपल्या बघत राहिल्या.