लाइन क्लिअर

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
यवतमाळहून साडेदहाच्या एसटीनं
निखाडे मॅडम उपकेंद्रावर येतात.
शिपाई मीटर रूममधले जळके मीटर कोपऱ्यात लोटतो,
दोन खुर्च्या मांडतो,
तिसरी भिंतीला टेकवून ठेवतो,
कोणी बायको घेऊन आलं तर.

दारावर कागद आहे:
कर्मचारी व कुटुंबीयांसाठी समुपदेशन. बोललेलं गुप्त राहील.
खाली कुणीतरी पेननं लिहिलंय,
पागलखाना, शाखा खैरगाव.
अक्षर माझं आहे.

मी ऑपरेटर. खांबावर चढत नाही.
मी फीडर पाडतो, पाटी लटकवतो,
वहीत वेळ लिहितो आणि फोनवर दोन शब्द म्हणतो.
त्या दोन शब्दांवर माणूस वर जातो.
मोतीराम कुमरे गेला. अकरा चाळीस.
माझ्याकडून लाइन मेली होती.
कुण्या जिनिंगच्या जनरेटरमधून
ती उलट्या बाजूनं जिवंत झाली.

चौकशी झाली. मी सुटलो.
साहेब म्हणाले, तुझी चूक नाही. युनियन म्हणाली, तुझी चूक नाही.
तेरवीच्या पंगतीत माझ्या पानावर वरण वाढताना
लीला कुमरे म्हणाली,
भाऊ, तुमची काही चूक नाही.
मला ते वरण गिळता आलं नाही.

मॅडमकडे मी गेलो नाही.
मंदा गेली.
धुवायच्या शर्टाच्या खिशात तिला पत्रक सापडलं होतं.
कंट्रोल रूमच्या खिडकीतून मी पाहिलं,
मीटर रूमच्या दाराशी तिच्या चपला,
दवाखान्याबाहेर काढते तशा, एकीला एक लावून.
पाऊण तास.

मॅडमनं मला काही सांगितलं नाही.
मंदानंच सांगितलं,
गाडीवर मागे बसून, माझ्या हेल्मेटच्या पाठीला.
समोर बसून तिला जमलं नसतं.
"म्या सांगतलं त्याईले,
रात्री दोन वाजता उठतेत अन् घरची मेन पाडतेत.
मंग साऱ्या बोर्डावरून हात फिरवतेत, आंधळ्यावानी.
मे महिना हाये, बाई. पोट्टे घामानं चिंब.
मी काही म्हनत नाही. पदरानं वारा घालत बसतो."
मला वाटलं होतं ती झोपलेली असते.

पुढच्या मंगळवारी तिसरी खुर्ची मीच उघडली.

मॅडम 'तुमची चूक नाही' म्हणाल्या नाहीत.
पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली
आणि विचारलं,
अकरा चाळीसच्या आधी काय झालं होतं?

हे कुणीच विचारलं नव्हतं.
चौकशीत सगळं अकरा चाळीसपासून सुरू व्हायचं.

आधी?
आधी मोतीरामनं चुना मागितला.
माझी डबी कोरडी होती.
तो म्हणाला, "काय गा, तीस वर्साची नोकरी अन् चुन्याले महाग?
उतरलो की आनतो तुह्यासाठी."
आणि शिडी खांद्यावर घेऊन हसत गेला,
शिडीचं मागचं टोक गेटला लागलं,
टण्ण.

तो आवाज मी विसरलोच होतो.
पाच महिने मला मोतीराम फक्त लटकलेला दिसायचा.
त्या दिवशी तो चालत गेला.
मंदा माझ्याकडे बघत नव्हती, मीटरांकडे बघत होती.
बाहेर ट्रान्सफॉर्मरची घुंई चालू होती.
चहा आला, त्यावर साय धरली, कुणी घेतला नाही.

निघताना दारावरचं ते अक्षर नखानं खरवडलं.
शाई निघाली नाही, कागद फाटला.

बरं वाटतं का, मॅडम विचारतात.
काय सांगू.
काल पुन्हा मेन पाडली.
अंधारात मंदाचा आवाज आला,
"किती वाजले?"
दोन, म्हटलं.
"मंग लिवा ना वहीत. दोनले बंद.
अन् चालू कधी करता, तेही लिवा."

पोरीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान.
मोबाइलच्या उजेडात रकाने आखले.
बंद: २.००.
चालू: २.२५.
कारण:

तिथं पेन बराच वेळ टेकवून ठेवला.
ठिपका पडलाय.